गुरुजींचा पगार कसा ठरतो?

संध्याकाळी पारावर चार माणसे बसलेली असावीत आणि समोरून शाळेचे गुरुजी जावेत, की एक विषय हमखास निघतो. एक जण म्हणतो, "गुरुजींचं बरं आहे बुवा. पाऊस पडो न पडो, महिना भरला की पगार." दुसरा म्हणतो, "आता लाखाच्या घरात गेला असेल की त्यांचा पगार." तेवढ्यात तिसरा सांगतो, "कसला लाख घेऊन बसलात? माझा भाचा बी. एड. होऊन हायस्कुलात लागलाय. त्याच्या हातात दहा-बारा हजारसुद्धा पडत नाहीत." गंमत अशी, की या तिघांपैकी कुणीच खोटे बोलत नसतो. एकाच राज्यात, एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच शाळेच्या आवारात हे सारे पगार एकाच वेळी चालू असतात. असे का होते, शिक्षकाचा पगार ठरतो तरी कसा, याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम आकड्यांचीच ओळख करून घेऊ. महाराष्ट्रात शिक्षकांना सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतनश्रेणी मिळते. ही श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू धरली गेली आणि प्रत्यक्ष पगारात ती २०१९ साली आली. तिच्याप्रमाणे प्राथमिक शाळेतील प्रशिक्षित शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. माध्यमिक शाळेतील पदवीधर आणि बी. एड. झालेल्या शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. हा झाला पगाराचा पाया.

या पायावर पहिला मजला चढतो तो महागाई भत्त्याचा. बाजारात भाव वाढले की रुपयाची किंमत घटते. ती घट भरून काढण्यासाठी मूळ वेतनाच्या अमुक टक्के रक्कम वेगळी देतात. केंद्र सरकार वर्षातून दोनदा हा दर ठरवते आणि मागाहून राज्य सरकार तो आपल्या नोकरांना लागू करते. जानेवारी २०२४ पासून हा दर ५० टक्के होता, जुलै २०२४ पासून तो ५३ टक्के झाला. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण पन्नास टक्केच धरू. २९,२०० चे निम्मे १४,६००. दोन्ही मिळून झाले ४३,८००.

दुसरा मजला घरभाडे भत्त्याचा. २०१९ साली ठरलेल्या दरांप्रमाणे मोठ्या शहरात मूळ वेतनाच्या २४ टक्के, मधल्या शहरात १६ टक्के आणि बाकी सगळीकडे, म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत, ८ टक्के असा हा भत्ता होता. महागाई भत्ता वाढत गेला की हे दरही थोडे पुढे सरकतात. खेड्यातील नव्या प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला त्यातून अडीच हजारांच्या आसपास रक्कम येते. म्हणजे एकूण झाले सेहेचाळीस हजार.

आता वजाबाकी. नव्या पिढीतील शिक्षकाच्या पगारातून मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम निवृत्तीच्या योजनेसाठी कापली जाते, म्हणजे सुमारे ४,४००. व्यवसाय कराचे २०० रुपये. पतपेढीचा हप्ता, विम्याचा हप्ता ज्याचा त्याचा वेगळा. हे सारे जाऊन नियमित झालेल्या नव्या गुरुजींच्या हातात एकेचाळीस-बेचाळीस हजार पडतात.

दरवर्षी एक वेतनवाढ मिळते. ती साधारण तीन टक्क्यांची असते. दहा वेतनवाढी झाल्या की २९,२०० चे ३९,२०० होतात. बारा वर्षे सेवा झाली आणि ठरलेले प्रशिक्षण पुरे केले, की वरिष्ठ श्रेणी मिळते. चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी आहे. पण ती सगळ्यांना मिळत नाही. वरिष्ठ श्रेणीतील पदांपैकी २० टक्के पदांनाच ती आहे. पंचवीस-सत्तावीस वर्षे सेवा झालेल्या एखाद्या गुरुजींचे मूळ वेतन साठ हजारांच्या आसपास गेले असेल, तर पन्नास टक्के भत्ता धरून ते नव्वद हजार होतात. पारावरचा दुसरा गृहस्थ लाखाच्या घरात म्हणाला तो यामुळे.

इथे एका गैरसमजाचाही उलगडा करू. वेतन आयोग आला की वर्तमानपत्रांत मोठमोठे आकडे येतात आणि लोकांना वाटते, पगार एकदम अडीचपट झाला. सातव्या आयोगाने जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणले हे खरे. पण १ जानेवारी २०१६ रोजी महागाई भत्ताच १२५ टक्के होता. म्हणजे ज्याचे मूळ वेतन शंभर रुपये, त्याला आयोगाआधीच सव्वा दोनशे मिळत होते. त्या सव्वा दोनशेंचे दोनशे सत्तावन्न झाले. खरी वाढ धरली तर शंभराला चौदा रुपयांची. दहा वर्षांच्या महागाईला मूळ वेतनात सामावून घेणे, हेच आयोगाचे मोठे काम असते. २०२५ साली केंद्राने आठवा वेतन आयोग नेमला. राज्याने आपल्या नोकरांना काय द्यायचे, हे केंद्राच्या निर्णयानंतर राज्याला वेगळे ठरवावे लागते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या आकड्यांनी आपण दचकून जाणार नाही.

श्रोतेहो, इथपर्यंतचा हिशेब सरळ आहे. पण हा हिशेब कोणाचा? ज्याची नेमणूक पूर्ण, ज्याची शाळा पूर्ण अनुदानाची, त्याचा. भाच्याचे कोडे अजून सुटलेले नाही. ते सोडवण्यासाठी आपण एक गाव कल्पू. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे, एका शिक्षण संस्थेचे हायस्कूल आहे आणि अलीकडे फाट्यावर एक इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आहे. या गावात आपण पाच शिक्षकांना भेटू.

पहिले जिल्हा परिषदेचे ज्येष्ठ गुरुजी. यांची नेमणूक १९९८ सालची. पगार नव्वद हजारांच्या घरात. निवृत्त झाल्यावर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईची भर.

दुसरे त्याच शाळेत गेल्या वर्षी लागलेले तरुण गुरुजी. यांना म्हणतात शिक्षण सेवक. ही योजना २००० साली आली. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, ठरलेले मानधन. ते मानधन कितीतरी वर्षे प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झाले. पहिले गुरुजी चौथीला शिकवतात, दुसरे तिसरीला. फळा तोच, खडू तोच, वर्गातील मुले तितकीच. पण पगारात पाचपटींहून अधिक अंतर. तीन वर्षे नीट पार पडली की दुसरे गुरुजी २९,२०० च्या श्रेणीत येतात.

तिसरे हायस्कूलचे सर. यांची तुकडी पूर्ण अनुदानित आहे. यांचा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो. नुकतेच नियमित झालेले असले तरी मूळ वेतन ३८,६००, पन्नास टक्के भत्ता १९,३००, दोन्ही मिळून ५७,९००. घरभाडे धरले की साठ हजारांच्या पुढे.

चौथे म्हणजे आपला भाचा. त्याच हायस्कुलात, त्याच शिक्षक-खोलीत बसणारा, तीच पदवी घेतलेला. पण त्याची नेमणूक ज्या तुकडीवर झाली ती तुकडी आरंभी विनाअनुदानित होती. दोन हजार सालानंतर कित्येक नव्या शाळांना आणि तुकड्यांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी मिळाली. म्हणजे शाळा चालवा, पण शासनाकडे पगारासाठी पैसे मागू नका. शिक्षकांची आंदोलने झाली आणि २००९ साली 'कायम' हा शब्द वगळला गेला. मग शाळांचे मूल्यांकन झाले. २०१६ साली पात्र ठरलेल्या शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला. पुढे टप्प्याटप्प्याने २० चे ४०, ४० चे ६० अशी वाटचाल सुरू झाली. आता २० टक्के म्हणजे किती? ५७,९०० चा पाचवा हिस्सा ११,५८०. ४० टक्के म्हणजे २३,१६०. उरलेली रक्कम संस्थेने भरावी अशी अपेक्षा असते. पण ज्या गावात पालकांकडून पुरेशी फी मिळत नाही, तिथे संस्था ती आणणार कुठून? म्हणून टप्पा जेवढा, तेवढाच पगार. पुढचा टप्पा मिळावा म्हणून हे शिक्षक वर्षानुवर्षे मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसले. २०२५ च्या जुलै महिन्यातही ते तिथेच होते. यांतील कित्येकांनी पगाराविना पंधरा-पंधरा वर्षे काढली. कुणी शाळा सुटल्यावर शेतात राबला, कुणी दूध घातले, कुणी शिकवण्या घेतल्या.

पाचव्या शिक्षिका फाट्यावरच्या इंग्रजी शाळेतल्या बाई. ही शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे पालकांच्या फीवर चालणारी. २०१२ साली या शाळांसाठी स्वतंत्र कायदा झाला. इथे पगार काय द्यायचा, हे व्यवहारात संस्थाचालक आणि बाई यांच्या बोलण्यावर ठरते. मोठ्या शहरातल्या नामांकित शाळेत तो चांगला असतो. तालुक्याच्या फाट्यावर तो शिक्षण सेवकाच्या मानधनापेक्षाही कमी असू शकतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंदही होतो. कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, अशा तक्रारीही ऐकू येतात. बाई बोलत नाहीत, कारण त्यांच्या जागी यायला दहा जण तयार असतात.

पाच शिक्षक आपण पाहिले. या पाचांत अधिक चांगले कोण शिकवते, हे मी सांगितले नाही. कारण त्यांच्या पगारावरून ते कळतच नाही. आजच्या भाषणाचे सार हेच आहे. शिक्षकाचा पगार त्याच्या शिकवण्यावर ठरत नाही, नुसत्या पदवीवरही ठरत नाही. तो कोणत्या दाराने आत आला आणि कोणत्या साली आला, यावर ठरतो. दार म्हणजे शाळा कोणाची, तिला अनुदान किती, आणि जागा मंजूर आहे की नाही. साल म्हणजे नेमणुकीची तारीख.

तारखेचे महत्त्व किती, तेही पाहा. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख शिक्षकांच्या घरात लग्नाच्या तिथीसारखी पाठ असते. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो नोकरीत आला, त्याला जुने निवृत्तिवेतन मिळाले नाही. त्याऐवजी पगारातून काही रक्कम कापायची, शासनाने काही घालायची आणि जमेल त्या पुंजीवर म्हातारपण काढायचे, अशी अंशदायी योजना आली. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेला आणि २ नोव्हेंबरला रुजू झालेला, दोघे आयुष्यभर एकच काम करतील, पण दोघांचे म्हातारपण वेगळे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी नोकर आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले ते याच प्रश्नासाठी. काहींची तर आणखी निराळी अडचण. नेमणूक २००५ पूर्वीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळाले त्या तारखेनंतर. त्यांना कोणत्या बाजूला धरायचे, यावर वर्षानुवर्षे न्यायालयात भांडणे चालली.

पगाराची ही चिंता आजची नाही. १८८२ साली हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन आले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. त्यात त्यांनी इतर मागण्यांबरोबर प्राथमिक शाळेच्या मास्तरांच्या पगाराचाही मुद्दा घेतला होता. परीक्षा उतरलेल्या मास्तराला महिना बारा रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, असे त्यांचे म्हणणे होते. मास्तराकडे गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे सोपवली तर त्याचा गावातील मान वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. शेतकऱ्याच्या मुलाला चांगले शिक्षण मिळायचे, तर मास्तराचे पोट आणि मास्तराचा मान, दोन्ही सांभाळले पाहिजेत, हे त्यांनी एवढ्या आधी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याचे सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या आयोगाने एक साधे तत्त्व सांगितले. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या शिक्षकांना सारखीच वेतनश्रेणी असावी, मग शाळा सरकारची असो, स्थानिक संस्थेची असो की खाजगी असो. शाळेच्या पाटीवर कुणाचे नाव आहे, यावर पगार ठरू नये.

त्या दिशेने महाराष्ट्राने पावलेही टाकली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावचे प्राथमिक शिक्षक त्यांचे सेवक झाले. १९७७ साली सरकारी नोकर आणि शिक्षक यांचा चोपन्न दिवसांचा मोठा संप सुरू झाला. त्याच साली खाजगी शाळांतील नोकरांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ साली त्याची नियमावली आली. या कायद्यापूर्वी संस्थाचालकाची मर्जी हाच नियम होता. सकाळी मर्जी फिरली की संध्याकाळी सर घरी. कायद्याने वेतनश्रेणी, रजा, चौकशी, दाद मागण्यासाठी न्यायाधिकरण, हे सगळे आणले. मान्यताप्राप्त खाजगी शाळेला अनुदान असो वा नसो, तिच्या शिक्षकाला वाऱ्यावर सोडायचे नाही, असा त्याचा रोख होता. अलीकडची एक गोष्ट विशेषतः खाजगी शाळांतील बाईंनी आणि सरांनी ध्यानात ठेवावी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शाळांतील शिक्षकांचाही उपदानावर, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो त्यावर, हक्क आहे हे मान्य केले. तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरला आहे.

मग तत्त्व एवढे जुने आणि कायदा इतका स्पष्ट, तरी पाच शिक्षकांचे पाच पगार कसे? कारण पैशाचे आहे. राज्याच्या शालेय शिक्षणाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगाराचा असतो. शाळांची मागणी वाढत गेली, तशी तिजोरीवर भार न घेता शाळा वाढवण्याची वाट शासनाने शोधली. विनाअनुदान, शिक्षण सेवक, अंशदायी निवृत्तिवेतन, तासिकेवर नेमणूक, या सगळ्या त्याच वाटेवरच्या पायऱ्या आहेत. जुन्यांचा पगार कमी करता येत नाही, म्हणून काटकसरीचा सगळा भार मागाहून येणाऱ्यांवर पडला. घरात थोरल्याचे लग्न थाटात झाले आणि धाकट्याच्या वेळी पैसे संपले, असा हा प्रकार झाला.

आता कुणी विचारील, "पण काय हो, चांगलं शिकवणाऱ्याला जास्त आणि टाळाटाळ करणाऱ्याला कमी, असं का करत नाहीत?" प्रश्न वाजवी आहे. शेतात जसे पीक तसा दाम, मग शाळेत का नको? याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शाळेला निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत होती. साहेब तपासायला यायचा, किती मुले उतरली ते मोजायचा आणि त्यावर पैसे ठरायचे. परिणाम असा झाला, की परीक्षेपुरते घोकून घेण्याला महत्त्व आले आणि कच्च्या मुलाकडे लक्ष देणे परवडेनासे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत मागे पडली. ज्या मुलाच्या घरी पाटी-पुस्तक कुणी पाहिलेले नाही, त्याला अक्षर ओळखायला लावणारा शिक्षक, आणि ज्याच्या घरी दोन्ही पालक शिकलेले आहेत त्याला पहिला आणणारा शिक्षक, यांत अधिक काम कुणाचे? निकालाच्या तागडीत ते तोलता येत नाही. याचा अर्थ शिक्षकाच्या कामावर कुणाचे लक्ष नसावे असा नव्हे. लक्ष जरूर असावे, पण ते पगाराच्या कात्रीने नव्हे, तर शाळेत जाऊन, मुलाची वही पाहून, शाळा व्यवस्थापन समितीत बसून ठेवावे.

गावाचा विषय निघालाच आहे, तर शिक्षकाच्या पगारात गावाचा हात कसा असतो तेही सांगतो. शाळेत किती शिक्षक असावेत, हे पटावरून ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील तक्त्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट झाली की तीन. म्हणजे एका मुलाचे नाव पटावरून निघाले, तर एका शिक्षकाची जागा हलू शकते. तो अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडे जावे लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची निदान बदली होते. पण अंशतः अनुदानित शाळेतील शिक्षकाची जागा गेली, की त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिलेला टप्पाही संकटात येतो. आपण आपली चार मुले फाट्यावरच्या शाळेच्या गाडीत बसवतो, तेव्हा गावच्या शाळेतील एका शिक्षकाची जागाही त्याच गाडीत बसून निघालेली असते. मुलांना कुठे घालायचे हा पालकांचा अधिकार आहे. मी फक्त हिशेब सांगतो आहे.

दुसरा हात घरभाड्याचा. गुरुजींनी शाळेच्या गावीच राहावे, अशी अट घरभाडे भत्त्याशी जोडली जाते, आणि त्यावरून गावात आणि शिक्षकांत कुरबूर होते. गावाचे म्हणणे, गुरुजी तालुक्याहून ये-जा करतात. गुरुजींचे म्हणणे, गावात भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी पुष्कळ ठिकाणी खऱ्या असतात. ज्या गावाने पडीक चावडी दुरुस्त करून गुरुजींना राहायला जागा दिली, त्या गावाला भांडावे लागत नाही. अवघड भागासाठी शासनानेही काही सोय केलेली आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात, म्हणजे गडचिरोली, मेळघाट अशा ठिकाणी काम करणाऱ्याला २००२ सालापासून एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचे धोरण आहे. जिथे जायला कुणी तयार नसते, तिथे थोडे अधिक द्यावे, हा त्यामागचा विचार.

आता माझे चार शब्द त्या तरुण मुलामुलींसाठी, जे डी. एड. किंवा बी. एड. करून नोकरी शोधत आहेत, आणि त्यांच्या वडिलांसाठी, जे एखादा एकर विकून मुलाला कुठेतरी चिकटवण्याच्या विचारात आहेत. नेमणुकीपूर्वी चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, ही जागा संचमान्यतेत मंजूर आहे का? दुसरी, या तुकडीला अनुदान आहे का, असल्यास कोणत्या टप्प्यावर? तिसरी, नियमावलीत नेमणूकपत्राचा नमुना ठरवून दिलेला आहे, त्या नमुन्यात पत्र मिळणार का? चौथी, शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ प्रणालीत नाव, या दोन गोष्टींची तजवीज कशी होणार? या प्रणालीत नाव चढल्याशिवाय शासनाचा पगार निघत नाही. या चारांची उत्तरे "होईल हो, बघू, आधी रुजू तर व्हा" अशी मिळू लागली, तर जमिनीचा कागद परत कपाटात ठेवा. नोकरीसाठी कुणाच्या हातावर पैसे ठेवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय ज्या जागेला मान्यता नाही ती जागा विकत घेणे म्हणजे दुसऱ्याच्या रानात विहीर खणणे आहे.

पात्रता परीक्षेचेही ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ साली सुरू झाली. पुष्कळांना ती नव्यांपुरतीच वाटत होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे अशा नोकरीतील शिक्षकांनाही ती उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत सांगितली. वीस-वीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींवर पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसण्याची वेळ आली. म्हणजे पगाराचे दार एकदा उघडले की कायमचे उघडे राहते, असेही नाही.

श्रोतेहो, पारावरच्या तिघांचा वाद आता आपल्याला मिटवता येईल. ज्येष्ठ गुरुजींचा पगार चांगला आहे, आणि तो असायला हवा. तो कमी करून भाच्याचे भले होणार नाही. प्रश्न आहे तो भाच्याचा पगार गुरुजींच्या रांगेत कधी येणार हा. ज्याला महिनाअखेरीस किराणा दुकानदाराचे तोंड चुकवावे लागते, तो वर्गात उभा राहून पोरांना ताठ मानेने जगायला कसा शिकवील? शिकवतात, कित्येक जण शिकवतात, ही त्यांची थोरवी. पण दुसऱ्याच्या थोरवीवर आपल्या मुलांचे शिक्षण चालवायचे, हे शहाण्या गावाला आणि शहाण्या राज्याला शोभत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गुरुजींच्या पगाराची गोष्ट निघाली, तर एवढेच विचारा : कोणत्या गुरुजींचा? शाळा व्यवस्थापन समितीची सभा असेल तेव्हा आपल्या गावच्या शाळेत किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत आणि कोण कोणत्या पगारावर शिकवत आहे, याची माहिती मागा. ती मागण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि ती तुमच्याच मुलांच्या कामाची आहे.